भाऊंची पदव्युत्तर पंचाईत

प्रवेशाच्या खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पालकांनी बाहेरच्या बाकावर बसायचं. विद्यार्थ्याला पुढे पाठवा."

भाऊंनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि जमेल तितक्या धीरगंभीर आवाजात म्हणाले, "विद्यार्थी मीच आहे."

आता बाईंनी मान वर केली. आधी भाऊंचं टक्कल पाहिलं, मग अर्जावरचा फोटो पाहिला, मग पुन्हा टक्कल. फोटोतही टक्कल होतंच, त्यामुळे ओळख पटायला अडचण आली नाही. अडचण आली ती पुढे. 'पालकाचे नाव व सही' हा रकाना भरल्याशिवाय संगणक अर्जाचं पुढचं पान उघडेना. आपण छप्पन्न वर्षांचे असून आईवडील दोघंही हयात नाहीत, असं भाऊंनी नम्रपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, "मला वाईट वाटतं हो. पण संगणकाला वाटत नाही."

शेवटी एक्क्याऐंशी वर्षांच्या काकांना रिक्षात घालून आणावं लागलं. काका म्हणजे भाऊंच्या वडिलांचे थोरले बंधू. शाळेत पस्तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेले, आणि अजूनही जिना उतरताना 'एक-दोन, एक-दोन' म्हणणारे. 'माझ्या पाल्याची वर्तणूक चांगली राहील याची हमी देतो' या ओळीखाली सही करण्याआधी त्यांनी भाऊंकडे असं काही रोखून पाहिलं, की भाऊंनी नकळत टाचा जुळवल्या.

अशा रीतीने विवाह आणि कुटुंब समुपदेशनाच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात भाऊ दाखल झाले.

आता हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. भाऊ अठ्ठावीस वर्षं लिफ्ट-तपासनीस होते. लिफ्टमध्ये नवरा-बायको भांडत असतात तेव्हा कोपऱ्यात बॅटरी आणि वही घेऊन उभा असलेला तपासनीस हाही माणूस आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंत भाऊंनी इतके संसार ऐकले होते, की निरोपसमारंभात ते म्हणून गेले, "लिफ्टचे दोर सहसा तुटत नाहीत मंडळी, माणसांचे तुटतात." टाळ्या पडल्या. त्या टाळ्या पडल्या नसत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. टाळ्या वाजवणाऱ्यांना पुढे काय होतं याची कल्पना नसते आणि जबाबदारीही नसते.

भाऊंची बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. रोज सकाळी पन्नास-साठ दंडांतून अचूक शीर शोधायची. नवऱ्याची शीर तर तिला न शोधताच सापडे. प्रवेशाची पावती पाहून ती एवढंच म्हणाली, "लोकांचे संसार दुरुस्त करणार ना? छान. जाता जाता बाथरूमचा दिवा बंद करा."

पहिलं सत्र तसं बरं गेलं. वर्गातली बाकीची मंडळी तेवीस वर्षांची. ती भाऊंना 'सर' म्हणत, ते भाऊंना खटके. भाऊंनी तसं सांगितल्यावर 'अंकल' म्हणू लागली, ते जास्तच खटकलं. कुटुंबातल्या ताणतणावाचं नाट्य वर्गात बसवलं, तेव्हा भाऊंना सहा महिन्यांच्या बाळाची भूमिका मिळाली. का मिळाली, ते कुणी बोललं नाही. पण टकलाकडे सगळ्यांनी एकेकदा पाहिलं.

घरी मात्र अभ्यासाने जोर धरला. समोरच्याचं बोलणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, म्हणजे आपण ऐकतोय हे त्याला कळतं, असा धडा झाला होता.

"अहो, गॅस संपलाय," बायकोने स्वयंपाकघरातून सांगितलं.

भाऊ दारात येऊन उभे राहिले. मान किंचित तिरकी केली. "गॅस संपल्यामुळे तुला असहाय वाटतंय, असं मी ऐकतोय."

"ऐकताय ना?"

"पूर्णपणे."

"मग दुसरं सिलिंडर लावा."

"म्हणजे मी मदत करावी अशी तुझी अपेक्षा आहे."

बायकोने हातातला चमचा ओट्यावर ठेवला. ती रागावली नाही. ती फक्त म्हणाली, "दंड पुढे करा," आणि भाऊ घाईघाईने सिलिंडरकडे गेले.

खरी पंचाईत झाली ती दुसऱ्या सत्रात. वर्गाला शिकवणाऱ्या मॅडम अगदी बुटक्या, मऊ आवाजाच्या. एक वाक्य बोलायच्या आणि गप्प बसायच्या. त्या गप्प बसण्याला भलेभले घाबरत. एका मुलाने तर त्या शांततेत, कुणी न विचारताच, आपण उशिरा का आलो ते कबूल केलं होतं. या मॅडमनी सांगितलं, "प्रत्येकाने आपल्या कुटुंबाचा जेनोग्राम काढायचा. सोमवारी." मग गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "जो हा नीट काढणार नाही, त्याला पुढच्या वर्षी खऱ्या जोडप्यांसमोर बसता येणार नाही."

जेनोग्राम म्हणजे घराण्याचा नकाशा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. दोन माणसांचं घट्ट जमत असेल तर मधे दोन समांतर रेघा. साधंच नातं असेल तर एक सरळ रेघ. खटके उडत असतील तर करवतीसारखी दातेरी रेघ. आणि बोलणंच बंद असेल तर मधोमध तोडलेली रेघ. एवढं साधं. पण माणसाला हाडं असतात हेही साधंच आहे. ती क्ष-किरणात दिसली की घाबरगुंडी उडते.

भाऊंनी काम हाती घेतलं ते खात्याच्या शिस्तीने. चार मोठे कागद चिकटवून एक केला. सुतासारख्या सरळ रेघा यायला हव्यात म्हणून स्टीलची पट्टी काढली. मग एकेकाची माहिती घ्यायला फोन सुरू केले.

पहिला फोन आत्याला. आत्या म्हणजे काकांची धाकटी बहीण, वय चौऱ्याहत्तर. ती पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती.

"बोल भाऊ. तीन मिनिटं आहेत," आत्या म्हणाली. हे ती अजूनही सगळ्यांनाच सांगे.

"आत्या, तुझं काकांशी नक्की काय बिनसलं, ते अभ्यासासाठी हवं होतं."

आत्या सत्तेचाळीस मिनिटं बोलली. भाऊंना गोष्ट माहीतच होती, पण इतक्या बारकाव्यांनिशी नव्हे. एकोणीस वर्षांपूर्वी घरातल्या एका लग्नात सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. ऐन वेळी काका 'उंचीप्रमाणे उभे राहा!' असं ओरडत पुढे आले आणि स्वतः आत्याच्या पुढ्यात उभे राहिले. फोटोत काका छाती काढून उभे, आणि त्यांच्या खांद्यामागून आत्याचा फक्त अंबाडा. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. दोघं एकाच रस्त्यावर, समोरासमोरच्या इमारतींत राहत. रोज सकाळी आपापल्या गॅलरीत चहा पीत, एकमेकांकडे न बघता.

काकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "ती मागच्या रांगेतच बसते आयुष्यभर. मी काय करू?" आणि फोन ठेवला. ते दीड मिनिटात आटोपले.

भाऊंनी त्या दोघांच्या मधे तुटकी रेघ काढली. अगदी नीट, दोन्ही टोकांना सारखं अंतर सोडून. मग मेव्हण्याची, म्हणजे बायकोच्या भावाची, त्याच्या या बहिणीशी असलेली साधी सरळ रेघ काढली. जेवणाचं टेबल मोकळं नसल्यामुळे नकाशा बैठकीच्या भिंतीवर लावला. चार पावलं मागे जाऊन पाहिला. फार देखणा दिसत होता. बायको कामावरून आली, तिने चपला काढता काढता तो पाहिला, क्षणभर त्यापुढे थांबली, आणि काही न बोलता आत गेली. भाऊंना वाटलं, भारावली.

तेवढ्यात शेजारचे होमिओपॅथ डॉक्टर वर्तमानपत्र मागायला आले. त्यांनी चष्मा वर-खाली करून नकाशा वाचला.

"भाऊ, हे उतरवा," ते म्हणाले.

"का? शास्त्रीय आहे."

"म्हणूनच. माझा बत्तीस वर्षांचा अनुभव सांगतो. रोगाचं नाव रोग्याला सांगायचं नसतं. गोळ्या द्यायच्या." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मी यात कुठेच नाही?"

"डॉक्टर, हा कुटुंबाचा नकाशा आहे."

"अठरा वर्षं रोज तुमच्याकडे पेपर वाचतोय. असो." असं म्हणून त्यांनी मोबाइल काढला, नकाशाचा फोटो घेतला आणि 'आमच्या विद्यार्थी भाऊंचे कौतुक' असं लिहून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. डॉक्टरांचा हेतू कधीच वाईट नसतो, तेच तर दुखणं आहे.

इमारतीच्या ग्रुपवर वरच्या मजल्यावरची एक बाई होती, तिची बहीण मेव्हण्याच्या मोटार-शिकवणी शाळेत गाडी शिकत होती. पाऊण तासात फोटो सगळ्या नातेवाइकांत फिरला.

शनिवारी सकाळी पहिला आला तो मेव्हणाच. तो आयुष्यभर दुसऱ्यांना ब्रेक दाबायला शिकवत होता, पण स्वतः कुठेच थांबत नसे. आल्या आल्या भिंतीपाशी गेला.

"माझी आणि ताईची एकच रेघ?"

"साधं नातं, असा त्याचा अर्थ," भाऊ म्हणाले.

"साधं? मी तिला रोज फोन करतो!"

"रोज करतोस, पण 'काय चाललंय' म्हणतोस आणि ठेवतोस."

"मग काय तास घेऊ?" असं म्हणून मेव्हण्याने खिशातून लाल मार्कर काढला. तो घरूनच घेऊन आला होता. बघता बघता त्याने सरळ रेघेच्या खाली दुसरी रेघ ओढली आणि वर तिसरीही. "तीन असू दे. कमी नको पडायला."

भाऊ हतबुद्ध झाले. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या अहवालावर कुणी अशी खाडाखोड केली नव्हती. "तीन रेघांना अर्थच नाही! पुस्तकात नाही ते!"

"पुस्तकात घालायला सांग," मेव्हणा म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

मग दुपारपर्यंत फोन वाजत राहिले. एका मावसबहिणीला आपलं वर्तुळ अंडाकृती का आलं ते हवं होतं. एका चुलतभावाचं म्हणणं होतं, की बायकोशी त्याची रेघ दातेरी दाखवलीय ती बरोबर आहे, पण दाते कमी काढलेत. भाऊ प्रत्येकाला सांगत, "लेखी अर्ज द्या." एकाने खरंच दिला. दोन प्रतींत.

चारच्या सुमाराला दार वाजलं. दारात आत्या. तिच्या मागे, जिन्यात चार पायऱ्या खाली, काका. दोघं एकाच वेळी घरातून निघाले होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी समांतर चालत आले होते आणि इमारतीच्या फाटकाशी नाइलाजाने एकत्र झाले होते.

बायकोने दोघांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. गॅसवर दूध ठेवल्यासारखी ती आत-बाहेर करत होती, पण फार लांब जात नव्हती.

"भाऊ," आत्या म्हणाली, "रेघ तुटलेली दाखवलीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती तोडली कुणी, ते कुठे लिहिलंय?"

"भाऊ, तिला सांग," काका छताकडे बघत म्हणाले, "रेघ तुटलेलीच नाही. मी फक्त बोलत नाही."

"त्याला सांग, त्यालाच तुटणं म्हणतात."

"तिला सांग, त्याला शिस्त म्हणतात."

भाऊंच्या अंगात एकदम पदव्युत्तर वारं शिरलं. इतके महिने ज्याची वाट पाहिली तो क्षण समोर दोन खुर्च्यांवर येऊन बसला होता. त्यांनी हात वर केले. "थांबा. माझ्यामार्फत नको. एकमेकांशी बोला. त्यासाठी आधी खुर्च्या वळवा."

दोघांनी आज्ञाधारकपणे खुर्च्या वळवल्या. एकाचं तोंड खिडकीकडे, दुसरीचं कपाटाकडे. आता दोघांच्या पाठी एकमेकींना टेकल्या होत्या.

भाऊंनी पुस्तकातलं पुढचं पान आठवलं. वरवरच्या भांडणाखाली मूळ जखम असते, ती हळुवारपणे उघड करावी. 'हळुवारपणे' हा शब्द ऐन वेळी त्यांना आठवला नाही.

"मूळ प्रश्न फोटोचा नाहीच," ते म्हणाले. "मूळ प्रश्न तुमच्या आईचा आहे. तिने लहानपणी तुम्हा दोघांत भेदभाव केला. तिचं चुकलंच. त्याचा राग तुम्ही—"

पुढचं वाक्य त्यांना पूर्ण करता आलं नाही. दोन्ही खुर्च्या एकदम कर्रकन वळल्या.

"दादा!" आत्या ओरडली. "ऐकलंस का रे? आपल्या आईला बोलतोय हा!"

"ऐकलं ना!" काका उभे राहिले. "आई! आपली आई! पहाटे चारला उठायची!"

"तुला ताप आला तेव्हा तीन रात्री बसून होती. मी पाहिलंय."

"आणि तुझी नोकरीची पहिली परीक्षा होती, तेव्हा दाराबाहेर उभी होती दिवसभर. मीच तिला छत्री नेऊन दिली होती."

"तू दिली होतीस छत्री?" आत्याने विचारलं.

"मग कोण देणार?"

आत्याने पदर सावरला. मग भाऊंकडे वळली आणि दोघांनी मिळून भाऊंना जे झोडपायला सुरुवात केली, ती सव्वा तास चालली. एकाचं वाक्य संपलं की दुसरी उचलून धरी. भाऊंचं शाळेतलं गणित निघालं, मुंजीतलं रडणं निघालं, एकदा काकूच्या पर्समधून घेतलेली चॉकलेटं निघाली. 'पाल्याची वर्तणूक चांगली राहील' या हमीपत्राचा उल्लेख काकांनी तीनदा केला आणि ते मागे घेण्याची धमकी दिली. भाऊ खाली मान घालून उभे होते. त्यांना कुठेतरी अंधुक कळत होतं, की त्यांच्या आयुष्यातला पहिला कौटुंबिक उपचार यशस्वी होत होता. फक्त यश असं बोचेल, असं पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

जाताना काका भिंतीपाशी थांबले. छातीच्या खिशातलं पेन काढून त्यांनी तुटक्या रेघेतली मोकळी जागा भरली. आत्याने ते पेन त्यांच्या हातातून घेतलं आणि आपलं वर्तुळ काकांच्या चौकोनाएवढं मोठं केलं. मग दोघं जिना उतरले. काका म्हणत होते, "एक-दोन, एक-दोन," आणि आत्या म्हणत होती, "हळू, दादा, पाय सटकेल."

सोमवारी भाऊंनी तो लाल-निळा, खाडाखोडीचा, चहाचे दोन डाग पडलेला नकाशा वर्गात फळ्यावर टांगला. रविवारही तक्रारींच्या फोनांत गेल्यामुळे नव्याने काढायला वेळच उरला नव्हता. इतरांचे नकाशे छापील आमंत्रणपत्रिकांसारखे स्वच्छ होते. भाऊंनी घसा साफ करून झालेलं सगळं खरं खरं सांगितलं. तेवीस वर्षांची पोरं आधी गालात हसली, मग उघड हसली.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. नकाशाजवळ गेल्या. एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांनी नेहमीची शांतता केली. नंतर विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी?" भाऊ म्हणाले, आणि पुढे झाले. काका होते. आत्या होती. आईवडील होते. बायकोचं वर्तुळ होतं, त्याच्या एका बाजूला मेव्हण्याच्या तीन रेघा होत्या. दुसऱ्या बाजूला कोरा कागद होता.

भाऊंनी डावीकडून उजवीकडे पाहिलं, वरून खाली पाहिलं. शेवटी ते स्वतःला सापडले. नकाशाच्या अगदी तळाशी, उजव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'तपासले. योग्य आढळले.' आणि खाली झोकदार सही. अठ्ठावीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला होता.

त्यांनी सहीवर बोट ठेवलं. "इथे आहे," ते पुटपुटले.

या वेळी कुणीच हसलं नाही, याचं भाऊंना जास्त वाईट वाटलं.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते पान भाऊंसमोर धरलं. 'कुटुंबाचा सहभाग: उत्कृष्ट. विद्यार्थ्याचा सहभाग: आढळला नाही.' मग म्हणाल्या, "नवीन काढू नका. याच्यातच स्वतःला घालून आणा. बुधवारी."

संध्याकाळी बायको आली तेव्हा भाऊ जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते. समोर टोक केलेली पेन्सिल होती आणि कागदावर काहीच नवं नव्हतं.

"अगं, यात मी नाहीये," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"भिंतीवर लावलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

बायकोने पर्स खुंटीला अडकवली. "मला वाटलं, बरोबरच असेल. तुम्ही घरात असता तेव्हा तरी कुठे असता? कोपऱ्यातून, लांबून बघत असता सगळं. टिपणं काढत."

भाऊंना यावर तिचंच वाक्य आपल्या शब्दांत परत सांगावंसं वाटलं. तोंड उघडलंही. मग त्यांनी ते मिटलं, आणि ती बसावी म्हणून शेजारची खुर्ची ओढली. ती बसली.

भाऊंनी तिच्या वर्तुळाशेजारी एक चौकोन काढला. लहानसा निघाला. "आता आपली रेघ कुठली काढू?" त्यांनी विचारलं. "दोन समांतर?"

"फार कौतुक झालं."

"मग दातेरी?"

"रोज नाही."

"तुटकी?" हे विचारताना भाऊंचा आवाज जरा खाली गेला.

"काहीतरीच काय! एक साधी काढा. सरळ."

भाऊंनी लगेच स्टीलची पट्टी लावली. बायकोने ती उचलून बाजूला ठेवली. "पट्टीने नको. पट्टीची तुमच्या खात्यासारखी दिसते. हाताने काढा."

भाऊंनी आयुष्यात हाताने रेघ मारली नव्हती. त्यांनी श्वास रोखला, पेन्सिल चौकोनाला टेकवली आणि निघाले. रेघ आधी वर गेली. मग घाबरून खाली आली. मधे दोन ठिकाणी हात थरथरून बारीक दाते उमटले. चहाच्या डागावर कागद फुगला होता, तिथे ती जवळजवळ दिसेनाशी झाली. मग पुन्हा उमटली आणि अडखळत अडखळत वर्तुळाला जाऊन टेकली.

भाऊंनी ओशाळून खोडरबर उचललं. बायकोने त्यांचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पोचली ना?"